आयसिस-२ (हृदयविकारावरील वैद्यकीय चाचणी)

आयसिस-२ ही हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांवर मार्च १९८५ ते डिसेंबर १९८७ या काळात झालेली आंतरराष्ट्रीय चाचणी. ॲस्पिरिनची साधी गोळी आणि रक्ताची गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज यांनी किती मृत्यू टळतात, हे तिने मोजले. १६ देशांतील ४१७ रुग्णालये सामील होती, सूत्रे मात्र ऑक्सफर्डहून हलत. रिचर्ड पीटो, रोरी कॉलिन्स आणि पीटर स्लाइट ही त्यामागची प्रमुख नावे. ‘इंटरनॅशनल स्टडी ऑफ इन्फार्क्ट सर्व्हायव्हल’ची आद्याक्षरे जुळवून ‘आयसिस’ हे नाव झाले. ऑक्सफर्डमध्ये थेम्स नदीलाही आयसिस म्हणतात.

गुठळीमुळे झटका येतो की झटक्यानंतर गुठळी होते, यावर बरीच वर्षे वाद होता. १९८० मध्ये अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञ मार्कस डीवुड यांनी पहिल्या काही तासांतच अँजिओग्राफी करून बहुतेक रुग्णांची धमनी पूर्ण बंद असल्याचे दाखवले. स्ट्रेप्टोकायनेज त्याआधीपासून वापरात होते, पण चाचण्या लहान होत्या आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. १९८६ मध्ये इटलीतील ‘गिसी’ चाचणीने ११,८०६ रुग्णांत त्याचा फायदा दाखवला. ॲस्पिरिनचे काय, हा प्रश्न उरलाच होता.

आयसिस-२ची खुबी तिच्या साधेपणात आहे. शंभरात दोन-तीन जीव वाचवणारा उपचार ओळखायला हजारो रुग्ण लागतात, आणि कागदपत्रांचा ढीग असेल तर गर्दीच्या वॉर्डातले डॉक्टर त्यात पडत नाहीत. म्हणून माहिती मोजकीच मागितली. डॉक्टरने फोन करायचा आणि रुग्ण कोणत्या गटात जाणार ते तिथल्या तिथे ठरायचे. झटक्याची लक्षणे सुरू होऊन २४ तास न उलटलेले रुग्ण चार गटांत विभागले : फक्त स्ट्रेप्टोकायनेज (१५ लाख युनिट, तासभर शिरेतून), फक्त ॲस्पिरिन (रोज १६० मिलिग्रॅम, महिनाभर), दोन्ही, किंवा दोन्हींच्या जागी औषध नसलेली नक्कल. कोणाला काय मिळाले हे डॉक्टरलाही कळत नसे आणि रुग्णालाही. अशा मांडणीमुळे एकाच चाचणीत दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली.

ऑगस्ट १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू ॲस्पिरिनमुळे ११.८ टक्क्यांवरून ९.४ वर आले, स्ट्रेप्टोकायनेजमुळे १२.० वरून ९.२ वर. दोन्ही घेतलेल्यांत हे प्रमाण ८.० टक्के होते, काहीच न मिळालेल्यांत १३.२. एकाचा फायदा दुसऱ्याच्या फायद्यात भर घालत होता. स्ट्रेप्टोकायनेजने रक्तस्राव वाढला, क्वचित मेंदूतही झाला. पण वाचलेल्या जिवांच्या मानाने ते थोडे होते. ताकद पाहता खरी थक्क करणारी गोष्ट ॲस्पिरिनची : औषधाच्या दुकानात चिल्लर देऊन मिळणारी गोळी जवळजवळ स्ट्रेप्टोकायनेजच्या तोडीची ठरली.

पुढे सोय असेल तिथे तातडीची अँजिओप्लास्टी आली, आणि स्ट्रेप्टोकायनेजच्या जागी बऱ्याच ठिकाणी नवी औषधे आली. अँजिओप्लास्टी जिथे करतात ती कॅथलॅब काही तासांवर असेल तिथे मात्र गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आजही दिले जाते. या चाचणीतला ॲस्पिरिनचा पुरावा झटका आलेल्यांपुरता आहे. ‘रक्त पातळ राहावे’ म्हणून धडधाकट माणसाने ती रोज घ्यावी, असे या चाचणीने कुठेच म्हटलेले नाही.

या शोधनिबंधातला एक तक्ता संख्याशास्त्राच्या वर्गांत अजून दाखवला जातो. लेखकांनी रुग्णांची राशीनुसार फोड केली. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनने उलट किंचित तोटाच होतो, असे आकडे निघाले : गोळी घेणाऱ्यांत ११.१ टक्के मृत्यू, न घेणाऱ्यांत १०.२. बाकीच्या दहा राशींत ९.० विरुद्ध १२.१. (या राशी पाश्चात्त्य पद्धतीच्या, जन्मतारखेवरून ठरणाऱ्या, आपल्या पत्रिकेतल्या चंद्रराशी नव्हेत.) तक्ता थट्टेचा, पण मुद्दाम छापलेला. मोठ्या चाचणीचे पुरेसे तुकडे पाडले की कोणत्या तरी तुकड्यात औषध निव्वळ योगायोगाने निरुपयोगी दिसते, हे त्यांना दाखवायचे होते. मिथुन राशीच्या रुग्णाला ॲस्पिरिन नाकारायला कोणीही धजावणार नाही. वय, लिंग किंवा मधुमेह यांनुसार पाडलेल्या तुकड्यांवर मात्र डॉक्टर चटकन विश्वास ठेवतात.