होस्टनेम बदलताना जुनं नाव मागे का उरतं

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या डेस्कटॉपचं नाव (होस्टनेम) बदललं की पुढच्याच सुडो कमांडला, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालवलेल्या आज्ञेला, कधी कधी 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' (या नावाचा पत्ता सापडत नाही) अशी कुरकुर ऐकू येते. नाव तर नीट बदललेलं असतं. मग अडतं कुठे?

इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेट या जाळ्याच्या सुरुवातीला प्रत्येक केंद्र इतर संगणकांच्या नावांची आपापली यादी ठेवायचं. 1971 मध्ये पेगी कार्प यांनी आरएफसी 226 हे टिपण (जाळ्याच्या नियमांवरच्या क्रमांकित टिपणांपैकी एक) लिहून सगळीकडे एकच नावं असावीत असं सुचवलं. पुढे कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट होस्ट्स डॉट टीएक्सटी ही एकच अधिकृत यादी सांभाळू लागला. आपल्या भाषेत तो अर्पानेटचा तलाठीच. नाव बदललं की तिथे फेरफार नोंदवायचा आणि बाकीच्यांनी नवी प्रत उतरवून घ्यायची. संगणक वाढले तसा हा कारभार पेलेना. म्हणून 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या विभागलेल्या व्यवस्थेची, रचना मांडली.

यादी गेली, पण तिची घरगुती प्रत राहिली. ईटीसी डिरेक्टरीतली होस्ट्स फाइल ती हीच. त्याच 1983 सालच्या 4.2 बीएसडी या युनिक्स प्रणालीमध्ये सेटहोस्टनेम हा सिस्टिम कॉल (प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, केलेली विनंती) होता. कर्नलला तो फक्त एक शब्द सांगतो. त्या शब्दाचा पत्ता कोणता, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खरी मेख इथेच आहे. डेबियन इन्स्टॉल होताना होस्ट्स फाइलमध्ये 127.0.1.1 या स्वतःकडेच वळणाऱ्या पत्त्यासमोर संगणकाचं नाव लिहून ठेवतो. नाव बदलणारी आजची आज्ञा होस्टनेमसीटीएल. ते कर्नलमधलं नाव आणि होस्टनेम फाइल दोन्ही बदलतं, ही ओळ मात्र तशीच ठेवतं. म्हणून सुडो नवं नाव शोधायला जातो, तेव्हा तिथे जुनंच सापडतं.

नावावर विसंबणारे इतरही आहेत. क्रोम ब्राउझर आपल्या प्रोफाइलच्या कुलपावर (ते एका वेळी एकाच ठिकाणी उघडावं यासाठीच्या खुणेवर) संगणकाचं नाव लिहितो. तो चालू असताना नाव बदललं, तर प्रोफाइल दुसऱ्याच संगणकावर उघडं आहे असं समजून अडून बसतो. लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीच्या प्रवेश-परवान्यातही नाव असतं, त्यामुळे चालू सेशनमध्ये कधी कधी नव्या खिडक्या उघडत नाहीत. विंडोजची गोष्ट निराळी: तिथे नेटबायोस या जुन्या नेटवर्क पद्धतीची नावासाठी 15 अक्षरांची मर्यादा अजून मानगुटीवर आहे.

म्हणून आधी होस्ट्स फाइलच्या त्या ओळीत जुन्याशेजारी नवं नाव लिहावं, ब्राउझर बंद करावा, मग होस्टनेमसीटीएल चालवून संगणक रीस्टार्ट करावा. जुनं नाव त्या ओळीत काही दिवस राहिलं तरी बिघडत नाही.