काचबिंदू : नेत्ररोपणे व औषधवितरण

काचबिंदूमध्ये डोळ्यापासून मेंदूपर्यंत जाणाऱ्या दृक्‌चेतेतील तंतू हळूहळू निकामी होतात आणि दृष्टिक्षेत्र कडेकडून आक्रसत जाते. ही हानी थांबवण्याचा किंवा लांबवण्याचा आजवर सिद्ध झालेला उपाय एकच आहे, तो म्हणजे डोळ्यातील दाब उतरवणे. त्यासाठी डोळ्यात बसवल्या जाणाऱ्या साधनांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात : डोळ्यातील द्रवाला नवी वाट करून देणाऱ्या नळ्या, आणि औषध आतल्या आत झिरपवत ठेवणारी सूक्ष्म रोपणे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर दिसू लागते तसे येथे होत नाही; गेलेली दृष्टी कोणत्याही रोपणाने परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. दोन्ही आजारांच्या नावांतील साम्यामुळे रुग्णांचा येथे वारंवार घोटाळा होतो.

डोळ्याच्या आत दर मिनिटाला सुमारे २ ते २.५ मायक्रोलीटर नेत्रजल, म्हणजे पाण्यासारखा पातळ द्रव, स्रवते आणि पुढील कप्प्यात येते. ते कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि परितारिका (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांच्यामधील कोनातून, तेथील जाळीदार ऊतीमार्गे श्लेम नलिका या बारीक वाहिनीत आणि पुढे नीलांमध्ये उतरते. निचऱ्याला अडथळा आला की दाब चढतो. निरोगी डोळ्यात तो बहुधा १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. मात्र या मर्यादेत दाब असूनही काचबिंदू होऊ शकतो, त्यामुळे उपचाराचे लक्ष्य प्रत्येक डोळ्यासाठी वेगळे ठरवावे लागते.

पहिला उपचार बहुधा थेंबांचा असतो. १९७८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले टिमोलॉल आणि १९९६ मधील लॅटॅनोप्रोस्ट ही औषधे परिणामकारक आहेत. अडचण औषधात नसून ते पोहोचवण्यात आहे. डोळ्यात टाकलेल्या थेंबाचा मोठा भाग पापणीबाहेर ओघळतो किंवा अश्रुमार्गाने नाकात उतरतो, आणि आत जेमतेम पाच टक्क्यांपर्यंत औषध पोहोचते. शिवाय हा रोग बहुतेकदा दुखत नाही, सुरुवातीला जाणवतही नाही. ज्याचा काहीच त्रास होत नाही अशा विकारासाठी आयुष्यभर, रोज, ठरल्या वेळी, थरथरत्या हाताने अचूक थेंब टाकत राहणे ही वृद्ध माणसाकडून केलेली फार मोठी अपेक्षा आहे, आणि थेंब चुकण्याला केवळ रुग्णाचा निष्काळजीपणा म्हणणे रास्त नाही.

द्रवाला कृत्रिम वाट देण्याची कल्पना मात्र या थेंबांपेक्षा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये घोड्याचा केस आणि पुढे इंग्लंडमध्ये रेशमाचा धागा डोळ्यातून ओवून निचरा करून पाहण्यात आला. छिद्र पाडणे कठीण नव्हते, ते उघडे ठेवणे कठीण होते, कारण शरीर ती जखम व्रणऊतीने बुजवून टाकते. १९६८ मध्ये केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी मांडलेली ट्रॅबेक्युलेक्टोमी, म्हणजे डोळ्याच्या भिंतीत निचऱ्यासाठी छोटे छिद्र करण्याची शस्त्रक्रियाही याच कारणाने काही रुग्णांत निकामी ठरते. अँथनी मोल्टेनो यांनी दक्षिण आफ्रिकेत १९६९ मध्ये व्रणऊतीशी झुंजण्याऐवजी तिलाच कामाला लावले. त्यांच्या रोपणात एक नळी आणि तिला जोडलेली पट्टिका होती. पट्टिकेभोवती जे वेष्टन तयार होते तेच द्रव साठवून आजूबाजूच्या ऊतींत शोषू देते. आजची सर्व मोठी निचरारोपणे याच कल्पनेवर उभी आहेत.

त्यांतील मुख्य भेद झडपेचा आहे. मतीन अहमद यांचे १९९३ पासून वापरात असलेले रोपण झडपेचे आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर लगेच दाब एकदम कोसळण्याचा धोका कमी होतो. बेअरवेल्ट रोपणाला झडप नाही. त्याची नळी विरघळणाऱ्या टाक्याने बांधून ठेवतात आणि वेष्टन तयार होईपर्यंतचे काही आठवडे निचरा रोखून धरतात. दीर्घकाळात ते सहसा अधिक खालचा दाब देते, पण फार घसरलेल्या दाबाची गुंतागुंतही त्यात अधिक आढळते. याच धर्तीचे, ३५० चौरस मिलिमीटर पट्टिकेचे सिलिकॉन रोपण मदुराईची ऑरोलॅब ही संस्था तयार करते. आयात रोपणांच्या तुलनेत त्याची किंमत फार कमी असल्याने भारतातील गुंतागुंतीच्या काचबिंदूत त्याचे महत्त्व कोणत्याही नव्या शोधाहून कमी मानता येणार नाही.

सौम्य व मध्यम रोगासाठी सूक्ष्म स्टेंट, म्हणजे द्रवाची वाट उघडी ठेवणाऱ्या इवल्या नळ्या, आल्या. २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला आयस्टेंट हा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा तुकडा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेबरोबरच जाळीदार ऊतीतून श्लेम नलिकेत बसवतात. तो सुरक्षित असला तरी पुढचा निचरा नीलांमध्येच होत असल्याने त्यांतील दाबाच्या खाली डोळ्याचा दाब जाऊ शकत नाही. प्रगत रोगात म्हणूनच तो अपुरा पडतो. सायपास हा दुसरा स्टेंट द्रव डोळ्याच्या भिंतीच्या थरांमध्ये सोडत असे. त्याला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, परंतु पाच वर्षांच्या पाहणीत कॉर्नियाच्या आतल्या थरातील पेशी अपेक्षेहून जास्त कमी झाल्याचे दिसले आणि २०१८ मध्ये उत्पादक कंपनीने तो बाजारातून मागे घेतला. या पेशी माणसात पुन्हा वाढत नाहीत आणि त्या फार घटल्या तर कॉर्निया सुजून धूसर होतो. दोन वर्षांच्या निकालांवर मंजूर झालेल्या साधनाचा दोष पाचव्या वर्षी उघड झाला, ही बाब पुढील प्रत्येक रोपणाचे मूल्यमापन करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

औषधरोपणांनाही हीच कसोटी लागू पडते. त्यांचा पूर्वज म्हणजे १९७४ मधील ऑक्युसर्ट, पापणीखाली ठेवायची आणि आठवडाभर पायलोकार्पिन सोडणारी चकती. ती डोळ्याला टोचे, निसटून पडे, आणि अखेर वापरातून गेली. मार्च २०२० मध्ये मंजूर झालेले ड्युरिस्टा हे रोपण सुईने थेट पुढील कप्प्यात सोडतात. त्यातील १० मायक्रोग्रॅम बायमॅटोप्रोस्ट काही महिने झिरपत राहते आणि बहुलकाची (पॉलिमरची) कांडी हळूहळू विरघळते. पुन्हापुन्हा दिल्यास कॉर्नियाच्या पेशी घटतात असे चाचण्यांत दिसल्यामुळे मंजुरी देताना एका डोळ्यात एकदाच, अशी अट घालण्यात आली. आयुष्यभराच्या रोगाला एकदाच देता येणारे औषध ही विसंगती उघड आहे, जरी काही रुग्णांत कांडी विरघळल्यानंतरही दाब बराच काळ उतरलेला राहतो. डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेले आयडोज या टायटॅनियमच्या रोपणात ७५ मायक्रोग्रॅम ट्रॅव्होप्रोस्ट असते. ते कोनाजवळ भिंतीत रोवलेले असल्याने कप्प्यात सुटे फिरत नाही. मात्र ते बसवण्यासाठी सहसा शस्त्रक्रियागृह लागते.

यांपैकी कोनाजवळची व कप्प्यातली रोपणे मुख्यतः उघड्या कोनाच्या काचबिंदूसाठी आहेत. अरुंद कोनात कांडी कॉर्नियाला घासू शकते, आणि बंद कोनाच्या काचबिंदूचे प्रमाण भारतासह आशियात मोठे आहे. त्या रुग्णांत परितारिकेला लेझरने छिद्र पाडणे किंवा नैसर्गिक भिंग काढून कोन मोकळा करणे हाच आधीचा मार्ग असतो, आणि त्यानंतरही दाब न उतरल्यास पुन्हा थेंब, ट्रॅबेक्युलेक्टोमी किंवा पट्टिकेची नळी यांकडे वळावे लागते.