रिपोर्ट नॉर्मल, तरी जीव घाबरा

रात्री दोन वाजता छातीत धडधड सुरू होते, दरदरून घाम फुटतो, श्वास पुरत नाही. घरचे रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेतात. ईसीजी होतो, हृदयाला इजा झाली का हे सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी होते, दुसऱ्या दिवशी टू-डी इकोही होतो. सगळं नॉर्मल. "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून घरी पाठवलं जातं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पॅनिक डिसऑर्डरचे, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांचे पेशंट मानसोपचाराच्या ओपीडीत येतात ते बहुधा अशी जाडजूड फाइल घेऊनच. त्या फाइलीमागे ऐकलेलं सगळ्यात चुकीचं वाक्य म्हणजे "काही झालेलं नाही". हृदयाला काही झालेलं नाही, हे खरं. पण शरीरात त्या रात्री बरंच काही घडलेलं असतं, आणि ते शाळेतल्या रसायनशास्त्रावरून समजतं.

घाबरलेला माणूस गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कारण रक्त आधीच ऑक्सिजनने जवळजवळ भरलेलं असतं. कोविडमध्ये घरोघरी आलेला ऑक्सिमीटर त्या क्षणी बोटाला लावला, तर आकडा ९८-९९ च दिसतो. कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब एरवी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो, तो झपाट्याने घसरतो. हा वायू पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल बनवतो. वायू कमी झाला की आम्ल कमी होतं आणि रक्त जास्त अल्कधर्मी होतं. अशा रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कॅल्शियमचे आयन अधिक धरून ठेवतं. मोकळं कॅल्शियम घटलं की नसा सहज उत्तेजित होतात, म्हणून ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात, कधी बोटं आखडतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर येते, भोवतालचं सगळं खोटं वाटायला लागतं. पेशंटला वाटतं, हा लकवा किंवा हार्ट अ‍ॅटॅकच. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: शरीरातल्या संवेदनेचा भयंकर अर्थ लावला जातो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने संवेदना वाढते. चक्र पूर्ण.

पण चक्र सुरू कुठून होतं? इथे मला सर्वांत प्रिय असलेला शोध येतो. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन १९५९ च्या सुमारास इमिप्रामीन हे तेव्हा नवं असलेलं औषध देऊन पाहत होते. मरतोय, मरतोय म्हणत रोज नर्सकडे धावणारे काही पेशंट काही आठवड्यांनी धावेनासे झाले. गंमत अशी की पेशंट स्वतः म्हणत, फरक नाही. फरक नर्सच्या लक्षात आला. झटके थांबले होते, "पुन्हा झटका येईल" ही धास्ती मात्र तशीच होती. म्हणजे झटका आणि काळजी या दोन वेगळ्या गोष्टी. १९८० च्या डीएसएम-३ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत, पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र स्थान मिळालं, त्यामागे हे निरीक्षण आहे.

१९९३ मध्ये क्लाइन यांनी पुढचं पाऊल टाकलं. गुदमरण्याची सूचना देणारी यंत्रणा आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असते, काहींमध्ये ती विनाकारण चालू होते, असं त्यांचं म्हणणं. उंदरांमधल्या प्रयोगांत २००९ मध्ये दिसलं, की अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागातल्या पेशींवर एएसआयसी-१ए नावाचे आयन चॅनल, म्हणजे आयन आत सोडणारी बारीक दारं, असतात. कार्बन डायऑक्साइड वाढून आम्लता वाढली की ते उघडतात आणि उंदीर भीतीने गोठतो. मग अमिग्डालाच नसेल तर पॅनिकही येणार नाही, बरोबर? अमेरिकेत एसएम या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक स्त्री आहे. दुर्मीळ आजारामुळे तिचा दोन्ही बाजूंचा अमिग्डाला नष्ट झालाय. तिला सापाची भीती वाटत नाही, कोळ्याची वाटत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा एकच श्वास दिला, आणि ती मास्क काढण्यासाठी हात झाडू लागली. तसाच आजार असलेल्या दोन जुळ्या बहिणींचंही तेच झालं. बाहेरच्या धोक्याची भीती आणि शरीराच्या आतून उठणारी भीती यांचे मार्ग पूर्णपणे एक नाहीत, हे यापेक्षा स्वच्छ कशातून दिसेल?

निदान मात्र आजही रक्ततपासणीतून होत नाही, ते होतं नीट विचारपूस करून. काही मिनिटांत शिगेला पोहोचणारा झटका, १३ लक्षणांपैकी किमान चार, पुन्हा पुन्हा आणि अचानक, आणि पुढे महिनाभर त्याची धास्ती किंवा बाहेर जाणं टाळणं. थायरॉइड, हृदयाची लय, दमा, चहा-कॉफीचा अतिरेक, दारू सोडल्यानंतरचा त्रास हे आधी बघायचं. सहा महिने सतत नाना गोष्टींची काळजी असेल, तर तो वेगळा विकार, जनरलाइज्ड अँग्झायटी.

झटका अर्ध्या तासाच्या आत-बाहेर आपोआप ओसरतो. म्हणून नजर काढली, अंगारा लावला, गंडा बांधला, तर श्रेय त्याला जातं. "व्हेगस नर्व्ह (मेंदूपासून हृदय-पोटापर्यंत जाणारी नस) दोन मिनिटांत रीसेट" विकणाऱ्या रीलनाही त्याच हिशेबाने श्रेय मिळतं. आणि हे मांत्रिकापुरतंच नाही. कित्येक पेशंट खिशात अल्प्राझोलाम ही मन शांत करणारी गोळी घेऊन फिरतात. ती पोटात जाऊन काम सुरू करेपर्यंत झटका उतरणीला लागलेला असतो. गोळीने वाचलो, अशी खूणगाठ मात्र पक्की बसते, आणि रोज घेतली तर सवय लागते ती वेगळीच.

उपचारात एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखं, नैराश्यावरही दिलं जाणारं औषध असतं. पहिल्या आठवड्यात त्यानेच धडधड वाढू शकते, म्हणून अर्ध्या डोसने सुरुवात करतात. गुण यायला काही आठवडे लागतात. हे आधी न सांगितल्यामुळे औषध चौथ्या दिवशी सोडणारे खूप.

दुसरा उपाय पेशंटला ऐकून धक्का बसतो: झटक्यासारखी लक्षणं मुद्दाम आणायची. हृदयविकार, दमा, फिट्स, गरोदरपण नाही याची खात्री करून समोर बसवायचं. "आता काय होईल वाटतं?" पेशंट म्हणतो, "बेशुद्ध पडेन." ते कागदावर लिहायचं. मग मिनिटभर जोरजोरात श्वास. बोटांना मुंग्या येतात, चेहरा पडतो, खुर्चीचा हात घट्ट धरला जातो. पाणी द्यायचं नाही, धीर द्यायचा नाही, घड्याळाकडे बघायचं. काही मिनिटांनी कागद पुढे करायचा: पडलात का? मग पुन्हा. दुसऱ्या वेळी फिरत्या खुर्चीत गरगर, तिसऱ्या वेळी नाक चिमटीत धरून बारीक स्ट्रॉमधून श्वास.

यात जुनी भीती पुसली जात नाही. "धडधड म्हणजे मरण" या आठवणीशेजारी "धडधड झाली आणि काही झालं नाही" ही नवी आठवण तयार होते. मेंदूच्या पुढच्या भागाचा मधला पट्टा या नव्या आठवणीच्या जोरावर अमिग्डालाला आवरतो. नवी आठवण जागेला चिकटून राहते, दवाखान्यात शिकलेलं एसटीत आठवेलच असं नाही. म्हणून सराव लिफ्टमध्ये, गर्दीच्या लोकलमध्ये, घाटातल्या गाडीतही करायचा, आणि खिशातली गोळी घरी ठेवून.