दोन माणसांमधले बोलणे: संवादक्षमतेच्या विचाराची पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात एखाद्या जुन्या घराच्या दारात संध्याकाळी घटकाभर थांबले, तर निरोपाचा एक छोटासा प्रसंग कानांवर पडतो. शेजारच्या गुजराती घरी बसायला गेलेली मराठी बाई चपला पायांत सरकवत म्हणते, ‘येते हं’, आणि आतून उत्तर येते, ‘आवजो’. निघालेली बाई येण्याची भाषा करते आणि निरोप देणारीही तिला ‘या’ असेच सांगते. जाण्याचा शब्द दोघींपैकी एकीच्याही तोंडून निघत नाही. शब्दशः अर्थ घेतला तर दोघींचे बोलणे प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टीच्या नेमके उलट आहे, तरीही कोणाचा गैरसमज होत नाही. परस्परसंवादाच्या अभ्यासाला ज्या प्रश्नापर्यंत पोचायला विसाव्या शतकाची पहिली साठ-पासष्ट वर्षे खर्ची घालावी लागली, तो प्रश्न या उंबरठ्यावर आहे: बोलण्यातून माहिती किती पोचते आणि नाते किती सांभाळले जाते?

हा प्रश्न मुद्दाम आरंभी घेतला आहे, कारण ‘संवादकौशल्य’ हा शब्द आज बहुधा एकट्या माणसाच्या अंगचा गुण म्हणून वापरला जातो. टंकलेखन यावे, पोहणे यावे, तसे संवाद साधणे यावे, अशी समजूत नोकरीच्या जाहिरातींपासून शाळेच्या प्रगतिपुस्तकापर्यंत सर्वत्र दिसते. या विषयाचा इतिहास चाळल्यावर ही समजूत अपुरी आहे असे माझे ठाम मत झाले आहे. बोलणाऱ्याची तयारी कितीही असली तरी तिचे संवादात रूपांतर होणे हे समोरच्यावर, आणि त्या दोघांना ज्या पायऱ्यांवर उभे केले गेले आहे त्या पायऱ्यांवर अवलंबून असते.

आपल्याकडे हा विचार नवा नव्हता, आणि त्याचे दोन महत्त्वाचे पुरावे वडोदऱ्यातूनच छापून बाहेर पडले. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९१६ साली गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमाला सुरू झाली. तिच्यात १९२५ मध्ये ‘लेखपद्धती’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मध्ययुगीन गुजरातेत दस्तऐवज आणि पत्रे कशी लिहावीत याचे नमुने त्यात संस्कृतात, पण लोकभाषेची जागोजाग मिसळण असलेल्या संस्कृतात, एकत्र केले आहेत. जमिनीचे व कर्जाचे दस्त त्यात आहेतच, शिवाय घरच्या माणसांनी एकमेकांना लिहायच्या पत्रांचेही नमुने आहेत. कोणाला कोणत्या शब्दांनी संबोधावे हे आधी ठरवायचे आणि मजकूर नंतर लिहायचा, ही त्या काळच्या लेखकाची शिस्त होती.

मराठीत हीच शिस्त मेस्तकांतून आणि लेखनप्रशस्तीतून, म्हणजे लेखनाचे नियम आणि नमुने सांगणाऱ्या पुस्तिकांतून, चालत आली. जुन्या मराठी पत्राचा मायना पाहावा. वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’, मुलाला ‘चिरंजीव’ आणि ‘अनेक आशीर्वाद’, बरोबरीच्या माणसाला ‘सप्रेम नमस्कार’, आणि मग ‘वि. वि.’ (विनंती विशेष) म्हणून मजकुराला हात. पहिल्या ओळीत एकही बातमी नसते. तिथे दोघांमधले अंतर मोजून मांडलेले असते. पुढचा मजकूर, मग ती पैशाची मागणी असो की लग्नाचे बोलणे, त्या मोजमापाच्या आधाराने वाचला जातो. रामदासांनी दासबोधात ‘जगामध्ये जगमित्र । जिव्हेपासी आहे सूत्र’ असे म्हटले, तेव्हा जिभेला त्यांनी गोडव्याचे साधन म्हटले नाही, माणसे जोडणारे सूत्र म्हटले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे.

त्याच ग्रंथमालेत १९२६ मध्ये अभिनवगुप्ताच्या विवरणासह भरताच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड आला. भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. हात, मान, नजर यांचे बोलणे. शब्द आणि स्वर यांचे बोलणे. वेश आणि अलंकार यांचे बोलणे. आणि घाम, रोमांच, कंप यांसारखे आतून उमटणारे बोलणे. ही मांडणी रंगभूमीसाठी आहे हे खरे, आणि तिला आधुनिक संवादशास्त्राची पूर्वसूचना ठरवण्याचा मोह आवरला पाहिजे. पण शब्द हा चार वाटांपैकी एक आहे आणि रस पूर्ण होतो तो सहृदय प्रेक्षकात, हे दोन विचार इथे फार पूर्वी नीट मांडले गेले होते, इतके निश्चित म्हणता येते.

युरोपात ॲरिस्टॉटलने वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्याच्या भावना आणि युक्तिवाद या तीन आधारांवर वक्तृत्वाचे शास्त्र उभे केले, आणि दीर्घ काळ तिथला संवादविचार सभेत उभ्या राहिलेल्या वक्त्याभोवती फिरत राहिला. अमेरिकेत १९१४ मध्ये वक्तृत्वाच्या सतरा अध्यापकांनी इंग्रजीच्या अध्यापकांपासून वेगळे होऊन आपली स्वतंत्र संघटना काढली. पुढे याच परंपरेतून संवादाचे विभाग विद्यापीठांत वाढले, पण सुरुवातीला लक्ष होते ते व्यासपीठावर. दोन माणसे ओसरीवर बसून बोलतात, त्याला शास्त्राचा विषय मानायला अजून वेळ होता.

मोठे वळण आले ते टेलिफोनच्या तारेवरून. बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये संदेशवहनाचा गणिती सिद्धांत मांडला: उगम, प्रेषक, वाहिनी, ग्राहक, गंतव्य, आणि मध्ये येणारा व्यत्यय. त्यांचा प्रश्न एवढाच होता की एका टोकाला निवडलेला संदेश दुसऱ्या टोकाला जास्तीत जास्त अचूक कसा उभा करावा. संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाचा संबंध नाही, हे त्यांनी लेखाच्या आरंभीच सांगितले होते. पण पुढच्या वर्षी वॉरन वीव्हर यांच्या विवेचनासह ते पुस्तकरूपाने आले, आणि बघता बघता ती आकृती माणसामाणसांतल्या संवादाचे चित्र म्हणून क्रमिक पुस्तकांत जाऊन बसली. एकाने पाठवायचे आणि दुसऱ्याने घ्यायचे, हा पोस्टाच्या पाकिटासारखा समज तिथून पक्का झाला. आपल्याकडच्या कार्यशाळांत आजही पहिल्या तासाला हीच आकृती फळ्यावर काढली जाते, आणि ज्याने ती काढली त्याने आखून दिलेली मर्यादा मात्र सांगितली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

या चित्राला खरा धक्का दिला तो मानसोपचाराच्या क्षेत्रातील लोकांनी. ग्रेगरी बेटसन यांनी १९५१ मध्येच दाखवून दिले होते की प्रत्येक उच्चार एकाच वेळी काही सांगतो आणि समोरच्याशी असलेले नातेही ठरवतो. त्याच विचाराला पुढे नेत पॉल वॉट्झलाविक, जॅनेट बीव्हिन आणि डॉन जॅक्सन यांनी १९६७ मध्ये पाच सूत्रे मांडली, त्यांतली पहिली दोन इथे महत्त्वाची. माणूस संवाद न करता राहूच शकत नाही, हे पहिले. गप्प बसणे, पाठ फिरवणे, पेपरात डोके घालणे हेही काही तरी सांगतच असते. दुसरे असे की प्रत्येक बोलण्याला आशयाची एक पातळी असते आणि नात्याची एक. दांडिया बाजारातल्या त्या दारात आशयाच्या पातळीवर काहीच पोचवायचे नसते, कारण बाई निघाली आहे हे दोघींनाही दिसत असते. ‘येते’ आणि ‘आवजो’ हे सारे बोलणे नात्याच्या पातळीवरचे आहे. डीन बार्नलंड यांनी १९७० मध्ये पाठवणारा आणि घेणारा ही विभागणीच मोडीत काढली. दोघेही एकाच क्षणी बोलत असतात आणि ऐकतही असतात, आणि अर्थ त्यांच्यामध्ये घडत जातो, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याआधीच, १९५५ मध्ये, समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी चारचौघांत माणूस स्वतःचा आणि समोरच्याचा आब कसा राखतो याचे बारकाईने वर्णन केले. मराठी वाचकाला हे परके वाटू नये, कारण भीड, आब, मन राखणे, शब्द टाकणे, शब्द खाली पडू न देणे असे शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांच्यामागे हाच हिशेब असतो.

क्षमता हा शब्द या विषयात आला तो भाषाशास्त्रातून. नोम चॉम्स्की यांनी १९६५ मध्ये भाषिक क्षमता आणि प्रत्यक्ष वापर यांत फरक केला, आणि क्षमता म्हणजे आदर्श भाषकाला असलेले व्याकरणाचे ज्ञान असे मानले. डेल हाइम्झ यांना ही व्याख्या तोकडी वाटली. १९६६ मध्ये मांडलेल्या आणि १९७२ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या विवेचनात त्यांनी म्हटले की मूल वाक्ये बनवायला शिकते तसेच केव्हा बोलावे, केव्हा बोलू नये, कोणाशी, कुठे, कशाबद्दल आणि कोणत्या रीतीने बोलावे हेही शिकते. वडोदऱ्याच्या मराठी घरातले मूल हे दोनदा शिकते. घरात तू, तुम्ही, आपण. बाहेर तुं, तमे, आप. आईला एकेरी हाक मारणारे मूल दुकानदाराला नावापुढे ‘भाई’ लावल्याशिवाय बोलवत नाही, आणि ही दोन वेळापत्रके त्याच्या डोक्यात एकमेकांत गुंतत नाहीत.

ब्रायन स्पिट्झबर्ग आणि विल्यम कुपाक यांनी १९८४ मध्ये परस्परसंवादाच्या क्षमतेचा पद्धतशीर विचार केला. त्यांच्या मते क्षम संवादाच्या कसोट्या दोन: हेतू साधला का, आणि जे बोलले गेले ते त्या प्रसंगाला, त्या नात्याला शोभले का. बोलण्याची इच्छा, जाण आणि प्रत्यक्ष हातोटी या तीन गोष्टींवर ती क्षमता उभी राहते, हेही त्यांनी सांगितले. काश्मिरी पंडित क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काव्याचा प्राण म्हणून ज्या औचित्याचे विवेचन केले, त्याची आठवण दुसऱ्या कसोटीपाशी होणे साहजिक आहे. पण महत्त्वाचा भाग पुढेच आहे. शोभले की नाही हे बोलणारा स्वतः ठरवू शकत नाही. तो निकाल समोरच्याच्या हातात असतो. मग समोरच्याने निकाल आधीच देऊन ठेवला असेल तर काय?

या प्रश्नाचे सर्वांत बोचरे उत्तर वडोदऱ्याच्या इतिहासात आहे. बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ठरल्याप्रमाणे संस्थानाची नोकरी करण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये इथे आले आणि अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात रुजू झाले. मराठी आणि इंग्रजी या भाषांवरचा त्यांचा अधिकार, अभ्यास, वागण्यातली शिस्त, यांपैकी कशाचीही उणीव नव्हती. तरी कचेरीतले शिपाई कागदपत्रे त्यांच्या हातात न देता लांबून टेबलावर फेकत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. तो कागद फेकणे हा पूर्ण संदेश होता. त्यात एकही शब्द नव्हता आणि अर्थाविषयी संशयही नव्हता. राहायला जागा मिळेना म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. विनवणी करून त्यांनी संध्याकाळपर्यंतची मुदत मागून घेतली. जागा कुठेच मिळाली नाही, आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, काढले. त्या दिवसाचे स्मरण इथे संकल्पभूमी या नावाने केले जाते.

ज्या संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत होते, ज्याने पुढे १९३१ मध्ये आठ भाषांतले शासनशब्द एकत्र करणारा ‘सयाजीशासनशब्दकल्पतरू’ सिद्ध केला, त्याच संस्थानाच्या कचेरीत हे घडले. राज्यकर्ते मराठी, बहुसंख्य रयत गुजराती, वरचा पत्रव्यवहार इंग्रजी, अशा राज्याला समान शब्दांची गरज कळली होती आणि तो कोश हे खरोखरच मोठे काम आहे. पण शब्द समान झाले म्हणून बोलणारे समान होत नाहीत. संवादात अपयश आले की ‘तुला बोलता येत नाही’ असे एकालाच सुनावण्याआधी ही कचेरी आठवावी, असे मला मनापासून वाटते.

संवादाच्या अभ्यासकांत ही बाजू सर्वांत स्पष्टपणे पाहिली ती जॉन गम्पर्झ यांनी. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कानडी आणि उर्दू शेजारी शेजारी कशा नांदतात याचा अभ्यास त्यांनी रॉबर्ट विल्सन यांच्यासह १९७१ मध्ये प्रसिद्ध केला होता. पुढे १९८२ मध्ये त्यांनी ब्रिटनमधल्या एका विमानतळाच्या उपाहारगृहातली गोष्ट सांगितली. तिथे नव्याने लागलेल्या भारतीय आणि पाकिस्तानी स्त्रिया उर्मट आहेत अशी तक्रार होती. मांसाबरोबर रस्सा हवा का हे विचारताना इंग्रज वाढपी ‘ग्रेव्ही’ हा एकच शब्द चढत्या सुरात म्हणत. या स्त्रिया तोच शब्द उतरत्या सुरात म्हणत, जी त्यांच्याकडे विचारण्याचीच साधी रीत होती. इंग्रजी कानाला मात्र ते ‘ही घ्या ग्रेव्ही’ असे तुटक ऐकू येई. ध्वनिमुद्रण दोन्ही बाजूंना ऐकवल्यावर उलगडा झाला. स्त्रियांनाही आपल्याविषयी आकस का आहे हे तोवर समजलेले नव्हते. एका स्वराने इतके दिवस माणसांचा स्वभाव ठरवला होता.

स्वराचे आणि चेहऱ्याचे महत्त्व सांगताना आज सर्रास एक आकडा दिला जातो: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, स्वराचा ३८ आणि देहबोलीचा ५५. याचे मूळ ॲल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांत आहे. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवून आणि चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून बोलणाऱ्याची भावना ओळखायला सांगितली होती. शब्द आणि सूर एकमेकांशी विसंगत असताना आवडनिवड कशावरून ओळखली जाते एवढ्यापुरताच तो निष्कर्ष आहे, आणि खुद्द मेहराबियन यांनीही ते स्पष्ट केले आहे. सर्व संवादाला तो लावणे चूक आहे. तसे असते तर भाषा न येणाऱ्याचे भाषणही आपल्याला त्र्याण्णव टक्के समजले असते.

दांडिया बाजारातल्या त्या दोघी आता पुष्कळदा फोनवरच बोलतात. शॅनन यांनी ज्या तारेचे गणित मांडले तिची जागा मोबाइलने घेतली आहे, आवाज स्वच्छ येतो, व्यत्यय जवळजवळ नाही. फोनवर ‘येते’ म्हणता येत नाही, म्हणून मराठी बाई विचारते, ‘ठेवू का?’ पलीकडून ‘हा, मूको’, म्हणजे ‘हो, ठेवा’, असे येते. मग दोघी आणखी एखादा विषय काढतात, आणि पुन्हा एकदा विचारतात.