ऑल-इन मारणं वेगळं आणि ऑल-इनला कॉल करणं वेगळं

पोकरमध्ये एक्का-पंजी घेऊन आपण बिनधास्त ऑल-इन मारतो (सगळ्या चिप्स एकदम लावतो), मग तीच पानं हातात असताना समोरच्याच्या ऑल-इनला कॉल का नाही करायचा (तेवढ्याच चिप्स भरून का नाही भिडायचं), हा प्रश्न टुर्नामेंट खेळायला लागलेल्या जवळपास सगळ्यांना पडतो, कारण वरवर बघितलं तर दोन्हीकडे चिप्स पणालाच लागतात ना.

पण मारणाऱ्याकडे जिंकायचे दोन रस्ते असतात, सगळे फोल्ड झाले (पानं टाकून दिली) तर ब्लाइंड-अँटी, म्हणजे डावाच्या सुरुवातीला सक्तीने भरलेल्या चिप्स, फुकटात, आणि कोणी कॉल केलाच तरी पानं लागू शकतात. कॉल करणाऱ्याकडे एकच, पानं उघडायची आणि बोर्डकडे (टेबलवरच्या सगळ्यांच्या सामायिक पानांकडे) बघत बसायचं. तीन पत्तीत चाल वाढवून समोरच्याला पॅक करायला लावणं आणि स्वतः शो मागणं, साधारण तसंच.

समजा तुम्ही बिग ब्लाइंडवर (पूर्ण ब्लाइंड भरणाऱ्या जागेवर) आहात, अंडर द गनवरून (सगळ्यात आधी खेळणाऱ्या जागेवरून) 10 ब्लाइंडचं ऑल-इन आलं आणि बाकी सगळे फोल्ड. त्याचे 10, तुमचा 1 आत आहेच, अँटीचा 1, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा, म्हणजे 9 भरायचे आणि पॉट (मधल्या एकूण चिप्स) होणार 21.5, 9 भागिले 21.5, साधारण 42 टक्के वेळा जिंकायला हवं. समोर अठ्ठ्यांची जोडी असेल तर एक्का-पंजीला 30 टक्क्यांच्या आसपास मिळतात, एक्का-राजा असेल तर त्याहून कमी, आणि अख्खं टेबल मागे बसलेलं असताना तिथून कचरा सहसा कोणी मारत नाही. फोल्ड करा. बटणवर (डीलरच्या जागेवर) मात्र तेवढ्याच स्टॅकला, म्हणजे तेवढ्याच चिप्स असताना, हीच पानं खुशाल मारा, मागे दोघंच तर आहेत.

खरी गंमत बबलवर, म्हणजे आणखी एक जण बाहेर गेला की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस, तिथे. चौघं उरलेत, बक्षिसं तिघांना, 50, 30 आणि 20 हजार, सगळ्यांच्या चिप्स सारख्या. म्हणजे तुमच्या स्टॅकची किंमत आत्ता 25 हजार. कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण आयसीएमच्या (चिप्सची बक्षिसाच्या पैशांत किंमत काढायच्या पद्धतीच्या) हिशोबाने किंमत होते फक्त 38,333 (पहिल्या बक्षिसाच्या वर कोणी काही देणार नाहीये, कितीही चिप्स गोळा करा). हरलात तर शून्य, म्हणून ब्लाइंड हिशोबात धरले नाहीत तर कॉलला 25,000 भागिले 38,333, म्हणजे 65 टक्के लागतात, जिथे नुसत्या चिप्सच्या हिशोबात 50 पुरले असते. समोरचा न बघता कुठलीही दोन पानं मारतोय असं धरलं तरी वेगळ्या रंगांच्या एक्का-राजाला जेमतेम 65च मिळतात! आणि हे त्यालाही माहीत असतं, म्हणूनच तो मारतो. तुम्ही दोघं भिडलात की गप्प बसलेले दोघं प्रत्येकी 25 हजारांवरून 30,833 वर जातात, काहीही न करता, ते पैसे तुमच्याच खिशातले.

तुमच्याकडे दीड-दोन ब्लाइंडच उरले असतील तर हे सगळं बाजूला ठेवा, तिथे बऱ्यापैकी काहीही घेऊन कॉल करावा लागतो. उलट सॅटेलाइटमध्ये (मोठ्या टुर्नामेंटचं तिकीट जिंकायच्या टुर्नामेंटमध्ये), जिथे पहिल्या दहांना सारखंच तिकीट आहे आणि अकरा उरलेत, तिथे भरपूर चिप्स असतील तर मोठ्या स्टॅकच्या ऑल-इनला एक्क्यांची जोडीसुद्धा फोल्ड करायची.