नॉकडाऊन की नॉकआऊट? पाट फोडणं आणि विहीर बुजवणं

रत्नागिरीत आमच्या वर्गात सेमिनारला दर वर्षी कुणीतरी सांगतंच, "सर, या सेल लाइनमध्ये जीन बंद केलाय." (सेल लाइन म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी.) मी विचारतो, "बंद केला, म्हणजे नॉकआऊट, की कमी केला, म्हणजे नॉकडाऊन?" मग शांतता. आमच्याकडे मानवी पेशी वाढवायची सोय नाही (पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, इन्क्युबेटर कोण सांभाळणार?), त्यामुळे सगळं शोधनिबंध वाचूनच शिकायचं, आणि घोळ तिथेच होतो.

यंदा देवगडच्या एका मुलीला वाडीचं उदाहरण दिलं. विहीर म्हणजे जीन. पाटाचं पाणी म्हणजे त्यावरून निघालेला संदेशवाहक आरएनए. माडाला लागलेले नारळ म्हणजे प्रथिन. नॉकडाऊनमध्ये विहीर तशीच राहते, पाट फोडतात. तरी थोडं पाणी मुळाशी पोचतंच. नॉकआऊटमध्ये विहीरच बुजवतात.

ती पटकन म्हणाली, "पण सर, आधी लागलेले नारळ तर झाडावर राहणारच!"

अगदी खरं. टिकाऊ प्रथिन असेल तर आरएनए घटल्यावरही ते बरेच दिवस पेशीत राहतं. म्हणून नुसता आरएनए मोजून भागत नाही, वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन ओळखून मोजायची चाचणी) करून प्रथिनही बघावं लागतं.

पाट फोडण्याची ही युक्ती निसर्गाचीच. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये ती एका सूक्ष्म कृमीत दाखवली, २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मानवी पेशींत सुमारे २१ अक्षरांचे छोटे आरएनए तुकडे सोडतात; ते त्या जीनच्या संदेशवाहक आरएनएवर बसतात आणि तो तोडला जातो. पण पेशी विभागत गेल्या की ते विरळ होतात आणि काही दिवसांत परिणाम ओसरतो. कायमची नॉकडाऊन सेल लाइन हवी असेल तर तुकडा बनवायची सूचनाच लेंटिव्हायरस या विषाणूमार्फत पेशीच्या डीएनएत बसवतात आणि प्युरोमायसिन हे पेशी मारणारं औषध घालून, सूचना न घेतलेल्या पेशी मारतात. म्हणजे इथे डीएनएत भर पडते, पण मूळ जीन शाबूत असतो. परीक्षेत हमखास चुकतं ते इथेच.

नॉकआऊटसाठी आज बहुतेक क्रिस्पर ही डीएनए कापायची कात्री वापरतात. कात्री जीन कापते, पेशी घाईघाईत सांधते, दोन-चार अक्षरं कमी-जास्त होतात आणि पुढचं वाचन बिघडतं. पण १९५१ पासून वाढवल्या जाणाऱ्या हेला या मानवी कर्करोगाच्या पेशींत कित्येक गुणसूत्रांच्या तीन-तीन प्रती असतात. एक जरी सुटली तरी विहिरीला पाणी आहेच. म्हणून एकेका पेशीपासून वसाहत वाढवून तिचा डीएनए वाचतात. जवळपास सगळ्या गुणसूत्रांची एकच प्रत असलेल्या हॅप१ पेशी इथे सोयीच्या पडतात. आणि नॉकआऊटमध्ये आरएनए मोजणं फसवं: बिघडलेला संदेशही तयार होत राहू शकतो.

मग अर्धवट नॉकडाऊन कशाला? पीएलके१ सारखा जीन घ्या. तो पेशीविभाजनाला लागतोच; पुरता काढला तर पेशी मरतात, अभ्यास कशाचा करणार? मला तर नॉकडाऊनच जास्त आवडतं, मात्र त्यातले तुकडे भलत्याच आरएनएवरही बसतात. म्हणून किमान दोन वेगळे तुकडे वापरायचे, शिवाय कुठल्याच जीनच्या आरएनएवर न बसणारा एक नियंत्रण, म्हणजे तुलनेसाठी, म्हणून.

मुलीने निवडलेल्या निबंधात तुकडा एकच होता आणि मोजला होता फक्त आरएनए. तिने स्लाइडवरचा 'बंद' खोडला आणि लिहिलं, 'आरएनए घटला. प्रथिन तपासलेलं नाही.'