अंगणातला भेक आणि भातखाचरातला बेडूक

मृगाचा पाऊस बरसून गेला की पायरीपाशी दिव्याखाली किडे टिपत बसलेल्या खरखरीत प्राण्याला आपण बेडूक म्हणतो आणि तुंबलेल्या भातखाचरात रात्रभर डरावणाऱ्या पिवळ्याधमक प्राण्यालाही बेडूकच म्हणतो. प्राणिशास्त्राची मराठी पुस्तके यांपैकी पहिल्याला भेक म्हणतात, पण हा शब्द पुस्तकाबाहेर फारसा पडलेला नाही. दोघांची कुळे वेगळी, कातडी वेगळी आणि अंडी घालण्याची रीतही वेगळी आहे. शिवाय घरात कुत्रे असेल किंवा ताटात काय येते याची फिकीर असेल, तर हा फरक व्यवहारातही उपयोगी पडतो.

आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या भेकाचे शास्त्रीय नाव डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस असे आहे. योहान श्नायडर या जर्मन अभ्यासकाने १७९९ मध्ये त्याचे वर्णन केले; नावातला ‘डट्टा’ मात्र पुष्कळ नंतरचा असून तो भारतीय उभयचरांचे अभ्यासक सुशील कुमार दत्त यांच्या सन्मानार्थ आला. शेतातल्या मोठ्या बेडकाचे नाव हॉप्लोबॅट्राकस टायगेरिनस. जुन्या पाठ्यपुस्तकांत तो राना टायग्रिना या नावाने होता आणि महाविद्यालयांतल्या विच्छेदनाच्या तबकात बहुधा तोच असे. जीवशास्त्राच्या कित्येक विद्यार्थ्यांना त्यामुळे या बेडकाचे हृदय आणि यकृत नेमके कुठे असते हे पाठ होते, पण जिवंत बेडूक बांधावर बसलेला ओळखता येईलच याची खात्री नव्हती.

ओळखीची सर्वांत भरवशाची खूण डोळ्यांच्या मागे आहे. भेक शांत बसलेला असताना बाजूने पाहिले, तर प्रत्येक डोळ्यामागे वालाच्या दाण्याच्या आकाराचा एक लांबट फुगवटा दिसतो. ही विषग्रंथी होय. डोक्यावर, डोळ्यांच्या कडेने, काळपट हाडांच्या उंच कडा असतात, आणि पाठभर पसरलेल्या गाठींपैकी बऱ्याच गाठींची टोके काजळ लावल्यासारखी काळी असतात. मोठ्या बेडकाला यातले काहीच नसते. त्याची कातडी ओलसर असते, पाठीवर लांबट घड्या असतात आणि अनेकदा पाठीच्या मधोमध एक फिकट रेघ गेलेली असते. त्याच्या मागच्या पायांची बोटे पडद्याने जवळजवळ टोकापर्यंत जोडलेली असतात, तर भेकाचा पडदा अर्ध्यावरच थांबतो. म्हणूनच बेडूक चाहूल लागताच एका झेपेत पाण्यात जातो, तर भेक चार पावले चालतो, दोन आखूड उड्या मारतो आणि बऱ्याचदा पळून जाण्याऐवजी अंग फुगवून जागीच बसून राहतो. भेकाच्या तोंडात दात अजिबात नसतात. बेडकाच्या वरच्या जबड्यात बारीक दात असतात, पण ते तपासायला कोणी जात नाही आणि जाऊही नये.

रंगावर मात्र विसंबू नये. मोठा बेडूक एरवी हिरवट किंवा मातकट असतो आणि विणीच्या दिवसांत फक्त नर लिंबासारखा पिवळा होतो. त्याच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळसर पिशव्या फुगतात. भेकाच्या नराला हनुवटीखाली एकच पिशवी असते आणि त्याचा आवाज तुटक डराव-डराव असा नसून एकाच पट्टीत लांबत जाणारा असतो. डबक्यात कोणाची अंडी आहेत हे ओळखणे तर आणखी सोपे आहे. भेकाची अंडी पारदर्शक चिकट दोऱ्यांमध्ये ओवलेली असतात आणि हे दोरे पाणवनस्पतींना गुंडाळलेले दिसतात. बेडकाची अंडी अशा दोऱ्यांत नसतात. भेकाची पिल्ले काळीभोर असतात आणि थव्याने फिरतात, तर मोठ्या बेडकाची पिल्ले शिकारी असून दुसऱ्या जातींची पिल्ले आणि प्रसंगी आपली भावंडेही खातात.

भेकाला हात लावला की चामखीळ येते हा समज खोटा आहे. चामखीळ माणसांमधल्या एका विषाणूमुळे येते. भेकाचे विष खरे आहे, पण ते नुसत्या स्पर्शाने बाधत नाही. हात डोळ्यांना किंवा तोंडाला न लावता धुतले म्हणजे पुरे. धोका असतो तो त्याला तोंडात धरणाऱ्याला. कुत्र्याने भेक चावला की ग्रंथींवर दाब पडून पांढरट, चिकट स्राव बाहेर येतो आणि कुत्र्याच्या तोंडाला फेस येतो. या स्रावातली काही द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. अशा वेळी पाणी घशात जाणार नाही अशा बेताने कुत्र्याचे तोंड बाजूने धुवावे आणि पशुवैद्याला गाठावे. नाग आणि धामण भेकाला गिळतात, पण जिथे भेक मुळात नव्हता तिथली गोष्ट वेगळी असते. मादागास्करमध्ये आशियातून आलेला हा भेक स्थिरावल्याचे २०१४ मध्ये जगासमोर आले, तेव्हापासून तिथल्या स्थानिक शिकारी प्राण्यांचे काय होईल ही अभ्यासकांची मोठी चिंता आहे.

मोठ्या बेडकाचे दुर्दैव उलट्या दिशेने येते, कारण तो खाता येतो. भारतातून बेडकांचे पाय परदेशी पाठवण्याचा धंदा १९८० च्या दशकापर्यंत जोरात होता. शेतातले किडे खाणारे बेडूक असे पकडले गेले, तर पिकांचे काय, हा प्रश्न आणि त्यांना मारण्याची क्रूर पद्धत यांवरून बराच विरोध झाला, आणि १९८७ मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली. देशातली चोरटी शिकार मात्र थांबलेली नाही. गोव्यात पावसाळ्याच्या तोंडावर हे बेडूक पकडले जातात, ‘जंपिंग चिकन’ या लाडक्या नावाने त्यांचे मांस खपते, आणि वनखाते व स्वयंसेवक दरवर्षी रात्रीच्या गस्ती घालतात. वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार या बेडकाची शिकार हा गुन्हा आहे. विणीसाठी बाहेर पडलेले नर ओरडून आपली जागा स्वतःच सांगतात, त्यामुळे शिकार सोपी होते आणि नेमकी पुढच्या पिढीच्या मुळावर येते.

इथवरच्या खुणा या दोन जातींपुरत्या चोख आहेत, पण ‘खरखरीत तो भेक, गुळगुळीत तो बेडूक’ असा सरसकट नियम करता येत नाही. शास्त्राच्या हिशेबात भेक हे बेडकांच्या मोठ्या गणातलेच एक कुळ आहे. म्हणजे प्रत्येक भेक हा बेडूक असतो, प्रत्येक बेडूक भेक नसतो. जमीन उकरून मातीत शिरणारा, आखूड पायांचा आणि गोलमटोल अंगाचा स्फेरोथेका हा प्राणी पाहून कोणीही त्याला भेक म्हणेल, पण तो मोठ्या बेडकाच्या कुळातला आहे. उलट, सिंधुदुर्गातल्या आंबोलीच्या कातळसड्यांवर पावसात साचणाऱ्या उथळ डबक्यांत विणारा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला छोटा झँथोफ्राइन टायगेरिना भेकांच्या कुळातला आहे. त्याचे शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झाले आणि तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. आंबोलीला पावसाळ्यात धबधबे पाहायला जाणाऱ्यांच्या गाड्या ज्या सड्यांवर थांबतात, तिथल्या डबक्यांत बोटभर पाणी असले तरी त्यात चाक किंवा पाय घालण्यापूर्वी एकदा वाकून पाहावे.